चालत्या माणसाला रामराम

आमचे हे पडले ते रामरामामुळं. असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसा बापडे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही कपाळाला हात लावला होता.

भाद्रपद सरत आला होता. सकाळी चहा पिऊन हे नेहमीसारखे पाराकडं निघाले. आमच्या घरापासून मारुतीच्या पारापर्यंत सिमेंटचा रस्ता आहे, सपाट, ना खड्डा ना चिखल. मी ओट्यावर शेंगा निवडत बसले होते, पण नजर त्यांच्या पाठीवर. जरा पुढं वाकून, हळूहळू, बरे चालले होते. पिठाच्या गिरणीपाशी समोरून एक मोटारसायकल आली. वरच्या गड्यानं हात उचलून आवाज दिला, “राम राम, आबा!” ह्यांनी हात वर केला, मान वळवली, “राम...” म्हणाले, आणि दुसरा राम तोंडातच राहिला. पाय जागेवर थांबले आणि वरचं अंग पुढं गेलं. मी शेंगांची परडी तिथंच टाकून पळाले. तो मोटारसायकलवाला बिचारा रडकुंडीला आलेला, “मी हात बी लावला न्हाई वो काकू!” मनगट मोडलं होतं. गेवराईला नेऊन प्लास्टर घालून आणलं.

हे काही पहिलं पडणं नव्हतं. पार्किन्सनचं निदान होऊन तोवर काही वर्षं झाली होती. सुरुवात सहीपासून झाली. ह्यांची सही म्हणजे अशी ऐसपैस, की कागद पुरायचा नाही; ती बारीक होत होत मुंगीएवढी झाली. मग उजव्या हाताची बोटं बसल्या जागी थरथरायला लागली. मग वास येईना. दूध उतू जाऊन करपलं तरी चुलीशेजारी बसलेल्या माणसाला पत्ता नाही. आणि मग चेहरा गेला. म्हणजे चेहरा होता तिथंच, पण त्याच्यावर काही उमटेना, हसू नाही की राग नाही. माणसं मला हळूच विचारायची, “आबा रागावलेत का वो आमच्यावर?” मी म्हणायची, “रागावले असते तर लई बरं झालं असतं.”

गोळ्या सुरू झाल्या तशी थरथर कमी झाली. सदऱ्याची बटनं त्यांची ते लावायला लागले. मला वाटलं, जिंकलो. पण पडणं काही थांबेना. माझा स्वभाव असा, राग सदा नाकावर. कुणाकुणावर काढला नाही मी तो? चपलांवर काढला, गोठ्याजवळचा निसरडा दगड उपटून फेकला, न्हाणीत धरायला लोखंडी नळी बसवून घेतली. उंबऱ्याची तर मला रोजची धास्ती. पण गंमत बघा, उंबऱ्याला हे कधी अडखळले नाहीत. उंबरा आला की थांबायचे, खाली बघायचे, पाय उचलून पलीकडं ठेवायचे. पडायचे ते सपाटीवर, उजेडात, चारचौघांत. मी म्हणायची, “अवो, भुई काय पळून चाललीय का तुमच्या पायाखालची?”

प्लास्टर निघाल्यावर मुलानं संभाजीनगरच्या मेंदूच्या डॉक्टरांकडं नंबर लावला. डॉक्टर म्हणजे माझ्या लेकीच्या वयाची पोरगी. मला वाटलं, ही काय नवं सांगणार? तिनं हातपाय वाकवून बघितले, बसवून-उठवून बीपी बघितलं आणि म्हणाली, “काका, त्या दारापर्यंत चालून या.” हे गेले आणि आले. “छान. आता परत जा, पण जाता जाता मला सांगा, यंदा कोणत्या रानात काय पेरलंय.” हे निघाले. “वरच्या रानात तूर,” म्हणाले. “वढ्याकडच्यात कापूस...” आणि थांबले. पाय फरशीला खिळे ठोकल्यागत. अंग मात्र पुढं चाललं होतं. तिनं आधीच हात तयार ठेवला होता म्हणून बरं, नाहीतर तिथंच आडवे.

मग तिनं आम्हांला समोर बसवून सांगितलं. मेंदूत रसायनं असतात. त्यातलं एक डोपामिन, ते ह्या आजारात आटतं. आपण चालतो तेव्हा पायांना काही सांगत बसत नाही, चालणं आपोआप होतं. डोपामिन आटलं की ते आपोआपपण जातं. मग माणूस एकेक पाऊल लक्ष देऊन टाकतो. हे लक्ष ठेवायच्या कामात मेंदूला दुसरं एक रसायन लागतं, ॲसिटिलकोलिन. ते नाव मला अजून एका दमात घेता येत नाही. ह्या आजाराच्या काही माणसांत तेही कमी होत जातं, आणि ती माणसं जास्त पडतात.

“काकांच्या गोळीनं पहिल्या रसायनाची उणीव भरून निघते,” ती म्हणाली, “म्हणून थरथर कमी झाली. दुसऱ्याला ती गोळी पुरी पडत नाही. लक्ष दोन ठिकाणी वाटलं गेलं की त्यांचे पाय जागीच अडकतात. आणि दुकानातून सर्दीची, झोपेची गोळी परस्पर आणून देऊ नका. त्यातल्या काही गोळ्या नेमकं ह्या दुसऱ्या रसायनाचंच काम अडवतात.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात हेच बोलले. आवाज बारीक झालेला, कान देऊन ऐकावा लागतो. “म्हंजी पाणी कमी अन् दारं दोन.”

डॉक्टरबाईला कळलं नाही. मी सांगितलं, विहिरीला पाणी कमी असलं की एका वेळी एकाच वाफ्याचं दारं धरायचं. हावरटपणानं दुसरं फोडलं की दोन्ही वाफे कोरडे.

“अगदी तसंच आहे,” ती म्हणाली. “म्हणून चालताना त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. बोलायचं असलं तर थांबायचं, काहीतरी धरायचं, मग बोलायचं. पडून खुबा मोडला तर परत उभं राहणं फार अवघड जाईल. आणि पडायच्या भीतीनं चालणं सोडलं तर तेही तितकंच वाईट. चालत राहायचं, काका.”

शहरात हे सोपं असेल. तिथं जिन्यात समोरासमोर गाठ पडली तरी माणसं मोबाइलमध्ये बघतात. चकलांब्याच्या अलीकडच्या आमच्या गावात ओट्यावर बसलेल्या माणसासमोरून मुकाट्यानं जाणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं. “राम राम, आबा.” “राम राम.” “कुटं निगालात?” “हितंच, पाराकडं.” रोजचंच उत्तर, रोजचाच प्रश्न, पण तो विचारायचाच असतो. आमच्याकडं वैर ओळखायची खूणही हीच. अमक्याचा तमक्याशी रामराम बंद आहे म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही.

आणि हे तर जन्मभर रामरामावर जगलेला माणूस. गावात कुणाचाही तंटा असो, बांधाचा, विहिरीच्या पाळीचा, पिकात शिरलेल्या गुराचा, तो पारावर ह्यांच्यापुढं यायचा. हे दोन्ही बाजू ऐकायचे, निवाडा द्यायचे, पण उठू द्यायचे नाहीत. म्हणायचे, “सही नको, अंगठा नको. एकमेकाला रामराम घाला, मग घरला जा.” आणि त्यातही ह्यांचा दंडक होता. ज्याच्या बाजूनं निवाडा झाला, त्यानं आधी रामराम घालायचा. जिंकलेल्यानं आधी वाकायचं. पुष्कळ तंटे मला वाटतं निवाड्यानं मिटले नाहीत, त्या दंडकानं मिटले.

एवढं करून ह्यांचा स्वतःचा एक रामराम मात्र बंद होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. सख्ख्या चुलत भावाशी, माझ्या धाकट्या दिराशी, बांधावरून वाजलेलं. माझी लेकरं शाळेत होती तेव्हापासूनचं. त्यांचं घर आमच्या रस्त्यावरच, निम्म्या वाटेवर. दरवर्षी संक्रांतीला मी तिळगूळ पाठवायची. तो त्यांच्या पोरांनी खाल्ला, पण मोठ्यांची तोंडं काही गोड झाली नाहीत. हे त्या घरापुढून जाताना मान सरळ ठेवायचे, आणि भावजी ओट्यावर बसून पानाला चुना लावत राहायचे.

तर संभाजीनगरहून आल्यावर मी ह्यांना म्हटलं, “ऐकलंत ना? आता चालताना कुणाला उत्तर द्यायचं न्हाई.”

“मग चोरावाणी जायचं का मी? मान खाली घालून?”

“चोरावाणी न्हाई, पेशंटवाणी जायचं.”

“हूं,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्यानं रामराम घातला आणि ह्यांचा हात गेला वर. सवय ती. त्या दिवशी भिंत जवळ होती म्हणून वाचले. माझं डोकं सणकलं. मी ठरवलं, ह्यांना सांगून उपयोग नाही, गावालाच सांगायचं. हे दुपारी झोपलेले असताना मी एकेका ओट्यावर गेले. डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगितलं. म्हटलं, माझ्या मालकाचा जीव तुमच्या हातात आहे, ते चालताना त्यांना रामराम घालू नका. ह्यांना हे कळू द्यायचं नाही असंही बजावलं, कारण कळलं तर मुद्दाम प्रत्येकाच्या दारात जाऊन रामराम घालतील, एवढी मला खात्री. बायाबापड्यांनी डोळ्यांत पाणी आणून हो म्हटलं. पारावरचे म्हातारेही हो म्हणाले. भावजींच्या घरी तेवढी गेले नाही. तिथं सांगायची गरजच नव्हती.

गावानं माझा शब्द पाळला. जरा जास्तच पाळला. तोंडातून चुकून निघेल म्हणून हे दिसले की माणसं आत जायला लागली. कुणी पाठ करून बसायचं, कुणी उगाच गुराला हाकायचं. गिरणीवाला तर चक्की बंद असली तरी आत जाऊन उभा राहायचा. त्यात दिवाळीनंतर अर्धं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेलं, निम्म्या दारांना कुलपं. सगळ्या रस्त्यानं हे एकटे चालत जायचे आणि एकटे परत यायचे. पडले नाहीत. मी खूश. पुरणपोळी केली एके दिवशी, काही कारण नसताना.

मग हे जायचेच थांबले. एका सकाळी चहा झाला, चपला घातल्याच नाहीत. मी म्हटलं, “कावून? पाराकडं जायचं न्हाई?” म्हणाले, “आज न्हाई.” दुसऱ्या दिवशी तेच. दिवसभर बाजेवर बसून समोरच्या भिंतीकडं बघायचे. अंग ताठत चाललं, उठताना मला दोन्ही हातांनी ओढावं लागायला लागलं. दुसऱ्या कुणाचा नवरा असता तर तिला चेहऱ्यावरून कळलं असतं. माझ्या नवऱ्याचा चेहरा आजारानं नेला होता. तिथं काही दिसेना आणि मी आपली गोळ्यांच्या वेळा बदलून बघतेय.

एकदा संध्याकाळी मी पाठीला तेल लावत होते, तेव्हा भिंतीकडं तोंड करूनच म्हणाले, “अगं, मी कुणाचा निवाडा चुकीचा दिलता?”

मला कळेना. “म्हंजी?”

“आधी वाटलं गाव कोयत्याला गेलंय म्हणून सामसूम हाय. पर हायेत ती माणसं बी मला बघून आत जात्यात. सगळ्या गावानं रामराम बंद केला माझा. म्या लई आठवून बघितलं. विहिरीच्या पाळीचं त्या म्हाताऱ्याचं चुकलं का काय माझं? त्या इधवेचा बांध? समदे तंटे आठवले. सापडना.”

इतके दिवस हा माणूस भिंतीकडं बघत आपल्या जन्माचे निवाडे तपासत बसला होता, आणि मी पुरणपोळ्या करत होते. मी रडत रडत सगळं सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मला न इचारता माझा रामराम बंद केलास? जित्या माणसाचा?” आवाज चढायची सोय राहिली नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं. रात्री जेवले नाहीत. मीही नाही.

सकाळी उठल्यावर ह्यांचं पहिलं वाक्य होतं, “त्याच्या दारावरून मी कदीच पडलो न्हाई.”

“कुणाच्या?”

“त्याच्या.” भावजींचं नाव ते घेत नसत. “बघ आठवून. गिरणीपाशी पडलो, शाळेपाशी पडलो, पारापाशी पडलो. त्याच्या दारावरून न्हाई. तितं कुणी बोलत न्हाई. अन् मी म्हणायचो, पडायचं तर पडू, पर ह्याच्या दारात न्हाई. पाय मोजून टाकायचो.” मग म्हणाले, “डॉक्टरबाई बरोबर हाय. एका येळी एकच दारं.”

मग त्यांनी त्यांचा निवाडा दिला. मी नाही, डॉक्टरांनी नाही, त्यांनी. माझा हात धरून पारावर गेले, बसले, आणि म्हाताऱ्यांना जवळ बोलावलं. मी मारुतीपुढं दिवा लावायच्या निमित्तानं आत उभी राहिले. आवाज एवढा बारीक की सगळा पार श्वास धरून ऐकत होता. “मी चालतो तवा मी कामात असतो. तवा मला कुणी हाक मारू नका. पर ही काठी रोवून मी उभा ऱ्हायलो की मी रिकामा. तवा रामराम घाला. न घालता कुणी आत गेलं तर माझ्याशी गाठ हाय.” कुणीतरी म्हणालं, “आबा, हा निवाडा कुणाच्या बाजूनं?” सगळे हसले. ह्यांचे खांदे हलले. त्यांचं हसणं आता तेवढंच.

त्या दिवसापासून रस्ता पुन्हा बोलायला लागला. हे चालायचे, थांबायचे, काठी रोवायचे, दोन्ही हात तिच्यावर ठेवायचे. मग ओट्यावरून, दारातून, खिडकीतून, “राम राम, आबा!” पारापर्यंत जायला तिप्पट वेळ लागायचा. लागू दे की. काय आग लागली होती कुठं?

आणि मग एका सकाळी हे भावजींच्या दारापुढं थांबले. मी थोडी मागं होते. मला वाटलं पाय अडकले. पण नाही. काठी रोवली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले, आणि हळूहळू, उभ्या उभ्या पावलं बदलत, त्या ओट्याकडं वळले. भावजींच्या हातातलं पान तसंच राहिलं. समोरच्या घरातल्या सुनेनं झाडू थांबवला. ह्यांचे ओठ हलले. काहीच ऐकू आलं नाही. भावजी ओट्यावरून उतरले, जवळ आले, कान पुढं केला. “काय म्हणलात, दादा?”

“राम राम म्हणलं,” हे म्हणाले.

“राम राम,” भावजी म्हणाले आणि ह्यांच्या काठीवरच्या हातावर हात ठेवून उभे राहिले. इतक्या वर्षांनी तो ‘दादा’ ऐकून मला भर रस्त्यात रडू फुटलं. घरी आल्यावर माझ्या ध्यानात आलं. मी म्हटलं, “लबाड आहात वो! तुमचाच दंडक ना, जिंकलेल्यानं आधी रामराम घालायचा? म्हंजी बांध तुमचा ठरवून आलात की!” खांदे कितीतरी वेळ हलत राहिले.

माझ्या मनात मात्र एक भीती बसली. त्या रस्त्यावर माझ्या नवऱ्याला सुरक्षित अशी एकच जागा होती, आणि ती आता संपली. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. दाखवणार कसं? लोक म्हणाले असते, ह्या बाईला भावाभावांचं पटलेलंही बघवेना.

ज्वारीला हुरडा आला तेव्हाची गोष्ट. भावजी इतके दिवस नियम काटेकोर पाळत होते. पण त्या सकाळी ते रानातून आले ते कवेत मावेनात एवढी कणसं छातीशी धरून, त्याच बांधालगतच्या रानातली. हे त्यांच्या दारावरून नुकतेच पुढं गेले होते. आणि आनंद असा असतो की त्याला नियम आठवत नाही. “दादा! राम राम! आज आपल्या बांधावर हुरड्याला यायचं बरं का!” पाठीमागून. ह्यांनी चालता चालता मान वळवली. ‘आपल्या बांधावर’ हे शब्द ऐकून कोण वळणार नाही? डावा पाय वळला, उजवा राहिला. मी बघत होते आणि मला पोचता आलं नाही.

खुबा मोडला. भावजींनीच उचललं, त्यांच्याच जीपमध्ये बीडला नेलं, ऑपरेशन होईपर्यंत ते पाण्याचा घोट न घेता बाहेर बसून होते. आणि मी काय केलं? मी त्यांच्यापुढं जाऊन सगळ्या लोकांत ओरडले, “इतकी वर्षं मुके होतात तेच बरं होतं की वो!” गावात कुणीतरी त्यावर कडी केली, म्हणे जुनं वैर होतं, रामराम घालून काढलं. आम्ही घरी आलो तेव्हापासून भावजी फिरकले नाहीत.

वॉकर आणला. व्यायाम शिकवणारा मुलगा यायचा, म्हणायचा, “आबा, आजपासून उभं राहायलाच पाहिजे, नाहीतर ही ताकद परत येणार नाही.” हे मान हलवायचे आणि बाजेवरून हलायचे नाहीत. मदतीला येऊन राहिलेली सून म्हणाली, मुलगा पुण्याहून येऊन म्हणाला, मी पाया पडले. काही नाही. शेवटी एका दुपारी म्हणाले, “तो कावून येईना?”

मी खाली मान घातली. ह्यांना माझं खाली बघणं ओळखता येतं, त्याला रसायन लागत नाही. “काय बोललीस त्याला?”

मी सांगितलं.

मग म्हणाले, “माझा रामराम दोनदा बंद केलास तू. आता तूच उगड.”

आमच्या भागात बाई काही भररस्त्यात दिराला रामराम घालत नाही. डोक्यावर पदर घेऊन “या भावजी” म्हणते, संपलं. मी गेले. गिरणीसमोरून, शाळेसमोरून, सगळ्या ओट्यांसमोरून. भावजी आपल्या ओट्यावर बसले होते, पुढ्यात पानाचा डबा होता आणि तो उघडलेलाही नव्हता. मी रस्त्यात उभी राहिले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “राम राम, भावजी.”

ते धडपडत उठले. “वहिनी, काय हे! तुमी कशाला...”

“आपल्या बांधावरचा हुरडा कडक व्हायच्या आत तुमच्या दादांना चालवायचंय,” मी म्हटलं. “चला.”

ते आले. आमच्या घरात पाऊल टाकताना उंबऱ्याशी ते थांबले. बाजेवरच्या माणसानं त्यांना बघितलं, मग वॉकरकडं बघितलं. व्यायामाचा मुलगा त्या दिवशी नव्हता. मी आणि सुनेनं दोन्हीकडून धरलं. हे उभे राहिले. भावजी दाराला टेकून उभे, आणि त्यांनी आपल्या तोंडावर हात दाबून धरला होता, श्वाससुद्धा ऐकू येऊ नये असा. ह्यांनी वॉकर पुढं ठेवला. पाऊल टाकलं. परत वॉकर, परत पाऊल. घामानं सदरा भिजला. मी बोलत नव्हते, सून बोलत नव्हती, घरातलं घड्याळ तेवढं बोलत होतं. बाजेपासून दारापर्यंत अंतर ते केवढं, पण मला वाटलं त्यात माझं आयुष्य निघून जाईल.

दाराशी पोचल्यावर ह्यांनी एक हात सोडून चौकट धरली. दोन्ही पाय बघून नीट टेकवले. मान वर केली. भावजी अजून तोंडावर हात धरून, डोळ्यांतून पाणी वाहतंय.

“हं,” हे म्हणाले. “उभा ऱ्हायलो मी. आता बोल.”